हरायला बसलेली टीम बघायला गेलो, तर जिंकून बसली

शिकागोला जाऊन आल्यावर लोक जे जे विचारतात ते सगळं मी बघितलंय. तो चकचकीत बीन (दाण्याच्या आकाराचं मोठं शिल्प) बघितला, नदीतली बोटीची टूर केली, उंच टॉवरच्या काचेच्या कट्ट्यावर उभी राहिले आणि डोळे मिटून घेतले. नायगारालाही जाऊन आले, पाणी खूप आहे. त्याचे फोटो फेसबुकवर टाकलेत, ज्यांना हवेत त्यांनी तिथे बघावेत. इथे लिहायचंय ते एका मंगळवार संध्याकाळबद्दल, कारण आता वर्ष उलटून गेलं तरी कुणी शिकागो म्हटलं की मला ती बोट नाही आठवत, एक आजोबा आठवतात आणि त्यांच्या मांडीवरचा पुठ्ठा.

तर माझे धाकटे दीर शिकागोजवळ नेपरव्हिलला राहतात. त्यांचा मुलगा, म्हणजे माझा पुतण्या, चौदा वर्षांचा, घरात मराठी कळतं पण उत्तर इंग्रजीत देतो असा. हा मुलगा व्हाइट सॉक्सचा फॅन. शिकागोत बेसबॉलच्या दोन टीम आहेत, उत्तरेला कब्ज आणि दक्षिणेला व्हाइट सॉक्स, आणि टुरिस्टला सगळे कब्जच्या जुन्या स्टेडियमला पाठवतात, विटांच्या भिंतीवर वेल वगैरे आहेत तिथे. मी पण तिकडेच जाणार होते. पण पुतण्या म्हणाला, काकू, कब्ज काय कधीही बघता येतील, मंगळवारी जे होणार आहे ते शंभर वर्षांत झालेलं नाही. काय होणार आहे विचारलं तर म्हणे, आम्ही सगळ्यात जास्त हरणार आहोत. हे त्याने ज्या अभिमानाने सांगितलं ना, तसं आमच्याकडे पोरं दहावीचे टक्के पण सांगत नाहीत.

आता ज्यांना बेसबॉल माहीत नाही (मला पण नव्हतं) त्यांच्यासाठी थोडं. आपल्याकडे आयपीएलमध्ये एक टीम लीगच्या १४ मॅच खेळते. यांच्याकडे मार्चअखेर ते सप्टेंबरअखेर १६२. म्हणजे जवळपास रोज मॅच, सुट्टी क्वचित. एवढ्या मॅच असल्या की चांगल्यातली चांगली टीमही साठेक हरते आणि वाईटातली वाईटही साठेक जिंकते, उरलेल्या चाळीसात काय ते ठरतं, असं एक जुनं गणित तिथे सांगतात. त्या गणितात न बसणारी एक टीम होती १९६२ ची न्यूयॉर्क मेट्स, १२० मॅच हरलेली. पण त्यांचं ते पहिलंच वर्ष होतं, इकडून तिकडून नको असलेले खेळाडू गोळा करून उभी केलेली टीम, त्यामुळे लोकांनी त्यांना उलट प्रेमच दिलं. त्याच्याही आधी १८९९ ला क्लीव्हलंड स्पायडर्स नावाची टीम १३४ हरली होती, पण ते जुन्या जमान्यातलं म्हणून धरत नाहीत. तर व्हाइट सॉक्स २४ सप्टेंबर २०२४ ला सकाळी होते ३६ जिंकलेले, १२० हरलेले. अजून एक हरले की मॉडर्न बेसबॉलमधली एका सीझनमध्ये सगळ्यात जास्त हरलेली टीम.

आणि ही काही नवी कोरी टीम नाही हां. २०२१ ला, म्हणजे त्याच्या तीनच वर्षं आधी, हे आपल्या गटात पहिले आले होते, ९३ मॅच जिंकून. २००५ ला वर्ल्ड सिरीज, म्हणजे लीगची फायनल, जिंकलेत. मग एवढी वाट कशी लागली हे मी ट्रेनमध्ये पुतण्याला विचारलं आणि पुढची पंचेचाळीस मिनिटं तो थांबलाच नाही. चांगले पिचर (बॉल टाकणारे) विकले, डिलन सीस सीझन सुरू व्हायच्या आधी मार्चमध्येच सॅन डिएगोला दिला. लुईस रॉबर्ट आणि योआन मोंकाडा एप्रिलमध्येच जायबंदी. सुरुवातच ३ जिंकले २२ हरले अशी. मग १० जुलै ते ५ ऑगस्ट सलग २१ हरले. सलग एकवीस! त्या काळात त्यांच्या मॅनेजरला, म्हणजे कोचला, पेड्रो ग्रिफोलला, कुणी हात लावला नाही, मग ६ ऑगस्टला ओकलंडमध्ये एकदाचे जिंकले आणि ८ ऑगस्टला त्याला काढून टाकलं. भाऊजी समोरच्या सीटवरून म्हणाले, आमच्या कंपनीत पण असंच करतात, प्रोजेक्ट संपल्यावर काढतात.

जाऊबाई काही आल्या नाहीत. एक तर दुसऱ्या दिवशी शाळा, त्यात पितृपक्ष, आणि त्यात मुलाला हरणारी टीम बघायला नेताय, हे त्यांना अजिबात पटलं नव्हतं. मी म्हटलं अगं पितृपक्षात नवीन काही सुरू करू नये म्हणतात, हे तर सहा महिन्यांपासून चालूच आहे.

नेपरव्हिलहून लोकल ट्रेनने युनियन स्टेशन, तिथून चालत जाऊन रेड लाइन, म्हणजे शहरातली मेट्रो. ही रेड लाइन दक्षिणेला हायवेच्या बरोब्बर मधून जाते, दोन्ही बाजूंना गाड्या आणि मध्ये आपण. सॉक्स–३५ स्टेशनला उतरलं की वर चढून हायवेवरच्या पुलावरून स्टेडियम. रेड लाइनच्याच दुसऱ्या टोकाकडे कब्जचं स्टेडियम आहे, म्हणजे एकाच ट्रेनने चुकीच्या दिशेला बसलात तर चुकीच्या धर्मात पोचाल.

स्टेडियमबद्दल माझं मत विचाराल तर चांगलं आहे, स्वच्छ आहे, बाथरूमला रांग नव्हती (गर्दी नसल्याचे फायदे), पण ज्याने बांधलं त्याने शहराकडे पाठ करून का बांधलं हे मला समजलं नाही. शिकागोसारखी स्कायलाइन मागे आणि आपण बसून बघतोय उलट दिशेला. वरच्या मजल्याच्या रॅम्पवर थांबलं तर ती सगळी उंच टॉवरं दिसतात, म्हणजे मॅच सोडून भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं. १९९१ चं आहे हे. त्याच्या आधीचं जुनं कोमिस्की पार्क रस्त्याच्या पलीकडे होतं, १९१० पासूनचं, ते पाडून आता तिथे पार्किंग केलंय. पण त्या पार्किंगमध्ये जुन्या होम प्लेटची (बॅटर जिथे उभा राहून खेळतो) जागा दगड बसवून जपून ठेवलीये, बॅटरच्या पांढऱ्या चौकटीसकट. पुतण्याने मला तिथे उभं केलं आणि फोटो काढला. बाजूला एक कुटुंब गाडीची डिकी उघडून सॉसेज भाजत होतं, त्यांनी फोटोसाठी आपला कूलर सरकवून दिला. याच जागी खेळलेल्या १९१९ च्या टीममधल्या आठ जणांवर पैसे घेऊन वर्ल्ड सिरीज हरल्याचा ठपका आला आणि त्यांना जन्मभरासाठी बाहेर काढलं. आपल्याला मॅच फिक्सिंग २००० साली कळलं, यांना कधीचंच माहितीये. पुतण्या म्हणाला, तेव्हा हरायचे पैसे तरी मिळायचे.

आत गेल्यावर आधी खायला घेतलं. इथे एलोते मिळतं, मेक्सिकन पद्धतीचा मका, दाणे तुमच्यासमोर कणसावरून सुरीने कापून कपात टाकतात, मग लोणी, मेयॉनीज, चीज, लाल तिखट आणि वरून लिंबू. आपलं पावसाळ्यातलं भाजलेलं कणीस श्रीमंत घरी लग्न करून गेलं तर जसं होईल तसं ते लागतं. मला आवडलं. भाऊजींनी बिअर घेतली आणि तिची किंमत बघून म्हणाले की तिकीट स्वस्त का आहे ते कळलं.

तिकीट खरंच स्वस्त होतं म्हणून आम्ही चांगल्यापैकी खाली, थर्ड बेसच्या बाजूला (बेस म्हणजे रन काढताना गाठायचे टप्पे) बसलो होतो. आणि माझ्या डाव्या हाताला ते आजोबा. पंचाहत्तरीचे असतील. जुनं जाकीट, मांडीवर पुठ्ठा, पुठ्ठ्यावर स्कोअरकार्ड आणि हातात शिसपेन्सिल, जिच्या मागचं खोडरबर झिजून पत्र्यापर्यंत गेलेलं. आजूबाजूला नुसता तमाशा चालू होता. डोक्यावर कागदाच्या पिशव्या घालून डोळ्यांना भोकं पाडून बसलेली पोरं, १२१ लिहिलेले बोर्ड, दर पाच मिनिटांनी कुणीतरी सेल्फी काढतंय. आणि हे शांतपणे चौकटी भरतायत.

माझे बाबा नाशिकला क्लबच्या मॅचेसचं स्कोअरिंग करायचे. मेडन ओव्हर झाली की सहा टिंबं जोडून एम काढायचे, विकेट मेडन असेल तर डब्ल्यू, आणि त्यांची वही बघून दोन वर्षांपूर्वीची ओव्हर सांगता यायची. त्यामुळे मला राहवेना, मी वाकून वाकून बघायला लागले. आजोबांच्या ते लक्षात आलं आणि त्यांनी पुठ्ठा माझ्याकडे थोडा कलता केला. मग विचारून विचारून कळलं. प्रत्येक फिल्डरला नंबर असतो, पिचर १, कॅचर २, मग बेसवाले ३, ४, ५, शॉर्टस्टॉप ६ आणि आउटफिल्डचे ७, ८, ९. बॉल शॉर्टस्टॉपकडे गेला, त्याने सेकंड बेसला टाकला, तिथून फर्स्टला, दोघं आउट, तर लिहायचं ६-४-३. तीन स्ट्राइक (म्हणजे हुकलेले किंवा सोडलेले चांगले बॉल) होऊन आउट झाला तर के. पण बॅट फिरवलीच नाही, नुसता बघत उभा राहिला आणि आउट झाला, तर तो के उलटा काढायचा, आरशात दिसतो तसा. हे मला फार आवडलं. प्रयत्न करून आउट झालेला आणि उभ्या उभ्या आउट झालेला, दोघांचा हिशेब वेगळा ठेवतात. आजोबा म्हणाले, यावर्षी मला उलटा के काढायची इतकी सवय झालीये की सरळ काढताना हात अडखळतो.

मी त्यांना विचारलं, तुम्ही पण रेकॉर्डसाठी आलात का. तर त्यांनी पिशवीवाल्या पोरांकडे पेन्सिल दाखवली आणि म्हणाले, ते रेकॉर्डसाठी आलेत, माझ्याकडे मंगळवारचं तिकीट असतं म्हणून मी आलोय. एप्रिलमध्ये थंडीत आलो होतो तेव्हा या रांगेत मी एकटा होतो.

मग आज जिंकावं असं वाटतं की हरावं? हा प्रश्न मी जरा चाचरतच विचारला, कारण मला स्वतःला तर त्यांनी हरायलाच हवं होतं, त्यासाठीच तर आले होते इतक्या लांब. मला वाटलं म्हणतील छे छे, आपल्या टीमने हरावं असं कोण म्हणेल. त्यांनी आधी एक चौकट पूर्ण केली. मग म्हणाले, हरणार तर आहेतच, आज नाही तर उद्या. मग आज इथेच हरावं. हे सगळं आमच्यासमोर झालंय, आम्ही पैसे देऊन बघितलंय, तर शेवटचा आकडा पण आमच्यासमोरच पडावा. तीन मॅचनंतर टीम डेट्रॉइटला जाणार, तिथल्या लोकांचा काय संबंध?

खरं सांगू, मी बरीच मोठी माणसं खेळाबद्दल मोठमोठं बोलताना ऐकलीयेत, पण हरण्यावर असा हक्क सांगणारं कुणी नव्हतं भेटलं.

मॅच मात्र कंटाळवाणी होती, त्यात लपवण्यासारखं काही नाही. समोर लॉस एंजलिस एंजल्स, म्हणजे तेही त्या वर्षी त्यांच्या इतिहासातलं सगळ्यात जास्त हरण्याच्या रस्त्यावर (शेवटी ९९ हरले), त्यांचा सुपरस्टार माइक ट्राउट एप्रिलपासून गुडघा धरून घरी. दोन आजारी माणसं एकमेकांना धक्का देतायत आणि कुणालाच जोर नाही अशी मॅच. एंजल्सचे दोन रन्स झाले, आमचे शून्य. नऊपैकी सातव्या इनिंगच्या मध्यावर (एका इनिंगमध्ये दोन्ही टीम एकेकदा बॅटिंग करतात) सगळे उठून उभे राहिले, गाणं म्हटलं, हात-पाय मोकळे केले, परत बसले. सातवी संपल्यावर पुतण्याने फोन काढून व्हिडिओची तयारी केली, कारण सात इनिंगनंतर मागे असताना व्हाइट सॉक्स अख्ख्या सीझनमध्ये एकदाही जिंकलेले नव्हते. एकदाही नाही. म्हणजे काम झाल्यात जमा होतं.

आणि एव्हाना ती आरोळी सुरू झालेली, सेल द टीम, सेल द टीम. टीम विका. आधी वरून कुठूनतरी आली, मग आमच्या मागून, मग सगळीकडून. ही मालकासाठी. जेरी राइन्सडॉर्फ, १९८१ पासून मालक, तेव्हा सुमारे दोन कोटी डॉलरला घेतलेली टीम, शिवाय बास्केटबॉलची मायकेल जॉर्डनवाली बुल्स टीम पण त्यांचीच. तेव्हा म्हणे त्यांना नवीन स्टेडियम हवं होतं, डाउनटाउनच्या जवळ, आणि त्यात सरकारी पैसा पण हवा होता. हे ऐकल्यावर मी पण ओरडले. माझा काय संबंध, पण ओरडले. आणि शेजारी बघते तर आजोबा पण, मान खाली, चौकटीत नंबर लिहितायत आणि लिहिता लिहिता तालात म्हणतायत, सेल द टीम. वर बघितलंच नाही त्यांनी.

मग आठव्या इनिंगला यांना काय झालं कोण जाणे, एकामागून एक माणसं बेसवर जायला लागली. दोन-दोन बरोबरी झाली. आणि आला अँड्र्यू बेनिनटेंडी. हा कोण, तर व्हाइट सॉक्सच्या इतिहासातला सगळ्यात मोठा करार असलेला खेळाडू, पाच वर्षांचे साडेसात कोटी डॉलर, आणि हा आकडा पुतण्याच्या मते टीमची कंजुषी सांगायला पुरेसा आहे, कारण बाकीच्या टीममध्ये एवढे पैसे दोन वर्षांत एकाला देतात. त्याने सरळ मध्ये बॉल मारला आणि तीन-दोन.

आता तो आवाज कसा सांगू. अर्धे लोक आनंदाने उठले आणि अर्धे चक्क हुर्यो करायला लागले, आपल्याच टीमची, जिंकतेय म्हणून. मागचा एक जण तर खरंच चिडला होता, दोन तास गाडी चालवत आलोय म्हणत होता, यांना एक काम सांगितलं होतं तेवढंही धड करता येत नाही. पुतण्याला समजेना काय करायचं. इतका वेळ हरण्यासाठी बसलेला, पण बॉल गेल्यावर पहिला उडी मारून तोच उठला आणि मग लाजल्यासारखा खाली बसला. आणि मी? मी टाळ्या वाजवत होते आणि त्याच वेळी मनातून वैतागले होते, हे दोन्ही एकाच वेळी होऊ शकतं हे मला त्या दिवशी कळलं. आजोबांनी तो छोटा चौकोन पेन्सिलने पूर्ण काळा केला, रन झाला की तसा भरतात, अगदी कोपऱ्यापर्यंत, सावकाश. म्हणाले, आता बुधवारचं तिकीट माझ्याकडे नाहीये.

नवव्या इनिंगला एंजल्स आउट झाले, मॅच संपली. त्या स्टेडियमला मोठा स्कोअरबोर्ड आहे, त्याच्यावर रंगीत चक्रं, होमरन (आपला सिक्सर समजा) किंवा विजय झाला की फटाके उडतात. १९६० सालापासूनची परंपरा आहे म्हणे. तर एकशे वीस मॅच हरलेल्या टीमसाठी दणादण फटाके उडाले आणि पिशवीवाली पोरं पिशव्या काढून बघत बसली. आजोबांनी पेन्सिल खिशात ठेवली, मला म्हणाले, तुमच्या वडिलांना सांगा शिकागोत एक गडी अजून हाताने लिहितो. बाबा नाहीत आता, पण मी हो म्हटलं.

परतीच्या ट्रेनबद्दल न बोललेलं बरं. रेड लाइन खचाखच, त्यात कुणीतरी बिअर सांडलेली, युनियन स्टेशनला पोचेपर्यंत आमची लोकल सुटलेली आणि पुढची यायला इतका वेळ की पुतण्या बाकावर झोपला. जाऊबाईंचे तीन मिस्ड कॉल. घरी पोचल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, हरले का? नाही म्हटल्यावर त्यांचा चेहरा असा झाला की जणू आम्ही दूध आणायला जाऊन पिशवी न घेता परत आलो.

माझा खरा राग वेगळाच आहे. इंग्लंडच्या फुटबॉलमध्ये तळाला गेलात तर खालच्या डिव्हिजनमध्ये ढकलतात, मालकाला घाम फुटतो. अमेरिकेत ढकलत नाहीत, तुम्ही कितीही हरा, पुढच्या मार्चमध्ये तुमची जागा पक्की. उलट हरणाऱ्याला चांगले नवे खेळाडू निवडायची संधी आधी मिळते, म्हणून काही टीम मुद्दाम पडून राहतात. ते रोखायला यांनी निवडीचे पहिले नंबर ठरवायची लॉटरी आणली, आणि नियम असा की मोठ्या शहरांतल्या पैसेवाल्या टीमला सलग दोन वर्षं त्या लॉटरीत बसता येणार नाही. व्हाइट सॉक्स आदल्या वर्षी बसलेले. त्यामुळे मॉडर्न बेसबॉलमध्ये सगळ्यात जास्त हरूनसुद्धा २०२५ ला यांचा नंबर लागला दहावा. म्हणजे त्या लोकांनी जे सहन केलं त्याचं फळ म्हणून पहिल्या नऊमध्येही नाही. मला हे ऐकून पुतण्यापेक्षा जास्त राग आला, आणि तो आजोबांच्या वतीने.

पुढे काय झालं तर बुधवारी परत जिंकले, दहाव्या इनिंगमध्ये, पुन्हा त्याच बेनिनटेंडीने. गुरुवारी तर सात-शून्य. शिकागोच्या लोकांसमोर शेवटच्या तिन्ही मॅच जिंकून हे गेले डेट्रॉइटला आणि शुक्रवारी, २७ तारखेला, चार-एक हरले. १२१. त्याच मॅचने डेट्रॉइट टायगर्स २०१४ नंतर पहिल्यांदा प्लेऑफमध्ये पोचले, त्यामुळे मैदानावर त्यांच्याच उड्या, मिठ्या आणि शॅम्पेन. मी नायगाराच्या हॉटेलात फोनवर बघत होते. यांचा रेकॉर्ड झाला तो दुसऱ्याच्या लग्नाच्या मांडवात झाला, कुणी नीट हुर्यो पण केली नाही. नेमकं आजोबांना जे नको होतं तेच.

त्यानंतरच्या दोन मॅच हे परत जिंकले. म्हणजे शेवटच्या सहापैकी पाच. मार्चपासून कुठे होता रे बाबांनो?

पुढच्या वर्षी शिकागोत जन्मलेले पोप निवडून आले आणि ते व्हाइट सॉक्सचे फॅन निघाले, तेव्हा पुतण्याने मला पहाटे फोन करून उठवलं, म्हणे काकू आता बघच. तो सीझन ते १०२ मॅच हरले. पुतण्या म्हणतो एकोणीस मॅचची सुधारणा आहे, आणि वजाबाकी त्याची बरोबरच आहे.